हातमोजे घातले होते का?

नाताळच्या दिवशी आमचे आभार मानायचं वरच्या लोकांनी ठरवलं, आणि त्या आभारांसाठी लागणारे बारा टेबलक्लॉथ सकाळी सात वाजता आमच्याकडेच धुवायला आले.

आदल्या संध्याकाळी त्याच टेबलक्लॉथवर विश्वस्तांचं चहापान झालं होतं. एकावर कॉफी सांडलेली, दोनांवर मेणबत्तीचं मेण, एकाला कुणीतरी चक्क लिपस्टिक पुसलेली. सोबत चिठ्ठी होती: ‘दुपारी बाराच्या आत हवेत. सेवकवर्गाच्या कृतज्ञता समारंभासाठी.’ आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं. मी ती चिठ्ठी इस्त्रीच्या रोलरशेजारच्या खिळ्याला टोचून ठेवली, म्हणजे दिवसभर राग ताजा राहील.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकोणीस वर्षं आहे. नाताळ असो नाहीतर आणखी काही, आम्हाला सुट्टी नसते. सण आहे म्हणून पेशंट पलंगावर कोरडे थोडेच राहतात? आमच्या घरी नाताळ दुपारी चारला सुरू होतो. मी आणि माझी धाकटी जाऊ कामावरून परत गेलो की केक कापला जातो, आणि तोवर आम्हा दोघींचे नवरे केकभोवती घिरट्या घालतात.

हो, धाकटी जाऊही इथेच असते. पण माझ्याबरोबर नसते. आमच्या लाँड्रीच्या मधोमध भिंत आहे आणि त्या भिंतीत धुलाईची पाच मोठी यंत्रं बसवलेली आहेत. प्रत्येक यंत्राला दोन दारं. पलीकडे मळकी बाजू, अलीकडे स्वच्छ बाजू. वॉर्डांतून आलेल्या पिशव्या पलीकडे उघडतात, निवडतात आणि यंत्रात भरतात. धुतलेलं अलीकडे निघतं, मग वाळवणं, रोलर, घड्या. दोन्ही दारं एकाच वेळी उघडत नाहीत. माणसांनीही भिंत ओलांडायची नाही, ओलांडायची तर अंघोळ करून, कपडे बदलून, अंगणातून वळसा घालून. मी स्वच्छ बाजूची मुकादम, जाऊ मळक्या बाजूला. मध्ये एक जाड काच. बोलायला काचेशेजारी एक यंत्र होतं, ते चार वर्षांपूर्वी बंद पडलं. दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा दिलाय, दर वेळी तीन प्रतींत.

तीन प्रतींत अशासाठी, की आमच्या व्यवस्थापक मॅडमना दोन चालत नाहीत. लाँड्रीत त्यांचं नावच ‘तीन प्रती’ पडलंय. ‘तीन प्रती येतायत’ असं कुणी म्हटलं की रोलरवाले काका टोपी सरळ करतात.

तर, मी आणि जाऊ खुणांनी बोलतो. जावाजावांत उभा दावा असतो म्हणतात, आमच्यात तर सहा वर्षं अबोला होता, सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून. मशीन मला मिळालं, तिला हवं होतं. घरात एक शब्द नाही, पण कामावर खुणा कराव्याच लागायच्या, नाहीतर यंत्रं कशी चालणार? सहा वर्षांनी एकदा माझा हात रोलरवर भाजला. तिने काचेतून ते पाहिलं आणि तशीच, अंघोळ न करता, मळके बूट घालून, नियमबियम झुगारून इकडे धावत आली. माझा हात नळाखाली धरून ठेवला. दोघींनीही भरपूर बोलणी खाल्ली, पण अबोला तिथेच संपला. शिलाई मशीन अजून माझ्याकडेच आहे.

वॉर्डांत तिला दातवाली म्हणतात. कारण सांगते. म्हातारी माणसं रात्री कवळी काढतात, कागदी रुमालात गुंडाळतात आणि उशीखाली नाहीतर अभ्र्यात ठेवतात. पहाटे चादरी बदलल्या की कवळी निघाली लाँड्रीला. ती यंत्रात गेली की संपलं, आमच्या गरम पाण्यात तिचा आकारच बदलतो, मग ती कुणाच्याच तोंडात बसत नाही. म्हणून वॉर्डातून फोन येतो. ‘आजोबांचे दात बघा ना हो.’ ‘कानाचं यंत्र सापडतंय का बघा ना.’ ‘अंगठी होती हो, त्यांच्या बाईची.’ मी काचेवर टकटक करते, समोरच्या दातांवर बोट ठेवते, कानाला हात लावते किंवा बोट दाखवते, आणि जाऊ शोधते. ती शोधते म्हणजे सापडतंच.

आता त्यातली खरी गोष्ट. मळक्या बाजूला कोपरापर्यंत जाड रबरी हातमोजे घालायचे असतात. ते घातले की बोटांना दगड आणि चुरगळलेला कागद यांतला फरक कळत नाही. मोजे घालून एकालाही आजवर कवळी सापडलेली नाही. सापडते ती मोजा काढून, उघड्या बोटांनी, अभ्र्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून. हे मला माहीत आहे, वॉर्डांना माहीत आहे, वरच्यांनाही माहीत आहे. ‘शोधा ना’ म्हणताना ‘मोजे काढा’ असं कोणी म्हणत नाही, एवढंच. अळीमिळी गुपचिळी.

ऑक्टोबरमध्ये एका आजोबांची कवळी शोधताना जावेच्या तळहातात सुई घुसली. वापरलेली सुई. ती टाकायला वॉर्डात पिवळा डबा असतो, कुणीतरी ती चादरीतच सोडलेली. जावेने आधी कवळी शोधून काढली आणि मग हात दाखवायला गेली, असली बाई आहे. रक्ताची पहिली तपासणी ठीक आली, शेवटची जानेवारीत आहे. तेव्हापासून तिने घरात स्वतःचं ताट वेगळं ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलंय की ताटाने काही होत नाही. मी रोज तिचं ताट उचलून आमच्या ताटांत मिसळते, ती रोज वेगळं काढते.

आणि मग वरून फॉर्म आला. अपघात नोंद. मुकादमाने भरायचा, म्हणजे मी. तिसरा रकाना: ‘हातमोजे घातले होते का? होय / नाही.’ त्याखाली आधीच छापलेलं: ‘नाही असल्यास, अपघात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला असे समजण्यात येईल.’ निष्काळजी ठरलेल्या माणसाचं कंत्राट एक जानेवारीपासून पुढे चालू राहत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्याने सुई टाकली तो वर कुठेतरी मजेत फिरतोय आणि माझी जाऊ निष्काळजी!

मी तिला म्हटलं, “होय लिहिते.”

“खोटं नका लिहू, जाऊबाई,” ती म्हणाली. “काढले होते म्हणजे काढले होते. जाड मोज्यातून सुई जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.”

“मग काय, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं?”

“लिहा नाही. मिळेल दुसरीकडे काम.”

या वयात, हाताला टोचलेल्या सुईची तपासणी बाकी असताना, निष्काळजी असा शिक्का घेऊन तिला कोण काम देणार होतं? मी तीन आठवडे तो फॉर्म टेबलाच्या खणात दाबून ठेवला. शेवटची तारीख होती आज, नाताळ, संध्याकाळी पाच.

अशी सगळी परिस्थिती असताना सव्वानऊला फोन वाजला.

“लाँड्री ना? मी महिला वॉर्डातून सिस्टर बोलतेय. अहो, खिडकीजवळच्या आजींची कवळी गेली चादरींबरोबर. दातवालीला सांगा ना पटकन.”

माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला टोचलेली चिठ्ठी होती. काय झालं कुणास ठाऊक, एकोणीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

“मोजे घालून शोधायची की काढून?”

“काय?”

“सोपं विचारतेय. मोजे घालून की काढून?”

“अहो, ते तुमचं तुम्ही बघा. आजींना बारा वाजता समारंभात बोलायचंय, पेशंटांच्या वतीने आभार मानणार आहेत त्या. इथे तोंडावर चादर ओढून बसल्यात, दातांशिवाय चारचौघांत जाणार नाही म्हणतात.”

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. आमचे आभार मानायला दात हवेत, ते दात शोधायला मोजे काढायला हवेत, आणि मोजे काढले म्हणून आमची बाई कामावरून जाणार!

“सिस्टर,” मी म्हटलं, “लेखी पाठवा. ‘हातमोजे काढून शोधावे’ असं. व्यवस्थापक मॅडमच्या सहीने. तीन प्रतींत.”

फोन ठेवला आणि मागे वळले तर काचेपलीकडे जाऊ उभी. फोन आला की ती येऊन उभी राहतेच. तिने भुवया उंचावल्या, दातांवर बोट ठेवलं. मी मान हलवली, नाही. ती मुळीच फसली नाही. तिने पाठीत वाकून दाखवलं, म्हणजे म्हातारी? आणि उजव्या हाताचा मोजा ओढायला लागली. मी काचेवर असा हात आपटला की घड्या घालणाऱ्या दोघी दचकल्या. नाही म्हणजे नाही. मोजा घाल.

तिने दोन्ही हात पसरले. का?

मी खण उघडला, फॉर्म काढला आणि काचेला लावला. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिने तो वाचलाही नाही. पुन्हा पाठीत वाकून दाखवलं, तोंडापुढे हात धरून दाखवला, म्हणजे बिचारी तोंड झाकून बसली असेल. मी मान हलवली. तेव्हा तिने माझ्याकडे पाठ फिरवली. सहा वर्षं ती पाठ मी पाहिलीय, मला ती बरोबर ओळखता येते.

मला वाईट वाटलं का? वाटलं. त्या आजींचा काय दोष होता? पण मऊ लागलं की कोपराने खणतात, आणि आमच्या घरातलं सगळ्यात मऊ माणूस ती होती. आज कोपर बाहेरच्या बाहेर अडवायचं, असं मी ठरवलं होतं.

महिला वॉर्डाच्या चौदा पिशव्या मी खुणेनेच बाजूला ठेवायला लावल्या, म्हणजे त्या यंत्रात जाणार नाहीत. तेवढं जावेने केलं, माझ्याकडे न बघता.

दहाला मॅडम खाली आल्या. रोलरवाल्या काकांची टोपी सरळ झाली. मॅडमच्या कोटाला कागदाचा चंदेरी तारा लावलेला होता.

“हा काय प्रकार आहे? सणाच्या दिवशी अडवणूक?”

“अडवणूक नाही मॅडम, नियम. मोजे काढले तर निष्काळजीपणा. मग काढायला सांगणाऱ्यांनी तसं लिहून द्यावं.”

“मोजे काढायला कोणीही सांगितलेलं नाही.”

“मग मोजे घालून शोधते ती. माझी काहीच हरकत नाही.”

मी काचेवर टकटक केली. जावेला खूण केली, मोजे घालून शोध. तिने एक पिशवी टेबलावर ओतली आणि शोधायला लागली. चादर, चादर, गाऊन, अभ्रा. जाड मोज्यांत प्रत्येक अभ्रा उलटायला दोन्ही हात लागतात. पंधरा मिनिटं झाली तरी एकच पिशवी.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “इतका वेळ का लागतोय?”

“तुम्ही स्वतःच बघा ना एकदा,” मी म्हटलं. “ॲप्रन आहे, बूट आहेत. आज नाताळ, तिकडे ती एकटीच आहे. दोन हात वाढले तर बाराच्या आत होईलही.”

मला वाटलं होतं, त्या नाक मुरडतील आणि फोन करायला म्हणून निघून जातील. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, आयुष्यभर सांगायला एक गोष्ट झाली असती. पण त्यांनी कोट काढला, चंदेरी तारा नीट वर येईल असा खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, “कुठून जायचं?” मग मीही त्यांना अंगणातला वळसा दाखवला. बाई वाईट नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पुढचं मी काचेतून पाहिलं. पिवळा ॲप्रन, गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत मोजे. जावेने त्यांना टेबलाचं एक टोक दिलं. पहिल्या पिशवीला मॅडमनी तोंड दुसरीकडे केलं, दुसऱ्या पिशवीला केलं नाही. चादरी कशाकशाने माखलेल्या असतात ते लिहीत नाही, ज्याने आजारी माणसाचं केलंय त्याला ठाऊक आहे. त्यांच्या मोज्यांतून अभ्रे निसटत होते. एकदा त्यांना काहीतरी कडक लागलं, त्यांनी आनंदाने वर धरलं, तर ते साबणाच्या डबीचं झाकण निघालं. इकडे घडीवाल्या दोघी दात काढायला लागल्या, मी डोळे वटारले.

सहा पिशव्या झाल्या. अकरा वाजून गेले. टेबलक्लॉथ धुऊन, रोलरमधून निघून, घड्या घालून माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर गठ्ठ्यात बसले होते, पांढरेशुभ्र. मेणाचा थेंबसुद्धा राहिला नव्हता.

आणि मग मॅडमनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला.

कोणी सांगितलं नव्हतं. वैतागल्या होत्या, घड्याळ पळत होतं, आणि मोज्यात काही कळत नाही हे त्यांच्या हातांना कळलं होतं. त्यांनी उघडा हात सरळ अभ्र्यांच्या ढिगात घातला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, लागू दे. टोचू दे एकदा. मग भरू दे फॉर्म.

जावेच्या मनात तसलं काही आलं नाही. तिने झेप घेऊन मॅडमचं मनगट पकडलं आणि हात ढिगातून बाहेर ओढला. ती काहीतरी ओरडली. मला ऐकू आलं नाही, संध्याकाळी घरी तिने सांगितलं. ती म्हणाली होती, “अहो मॅडम, सुया असतात त्यात! आधी घाला ते!” आणि त्यांचा मोजा तिने स्वतः त्यांच्या हातात चढवला, लहान मुलाला चढवावा तसा. मग स्वतःचा काढला. मी काचेवर दोन्ही हात आपटले. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे आता तुम्ही गप्प बसा.

तिची बोटं कशी चालतात ते पाहण्यासारखं असतं. ती चिवडत नाही. आधी तळहाताने वरून दाबते, मग दोन बोटांनी कडा चाचपते, मग कोपरा. नवव्या पिशवीत, एका अभ्र्याच्या शिवणीत, कागदी रुमालाचं पुडकं. तिने ते उघडलं. गुलाबी हिरड्या, वर नीटस दातांची ओळ. तिने ते काचेजवळ आणून मला दाखवलं आणि हसली. तळहातावरच्या त्या सुईच्या जागी एक बारीक काळा ठिपका आहे. कवळी बरोबर त्याच्या शेजारी होती.

कवळी धुऊन, जंतुनाशकाच्या वाटीत बुडवून, भिंतीतल्या झडपेतून माझ्याकडे आली. आता ऐका, माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, एका बाजूला कवळी आणि दुसऱ्या बाजूला टेबलक्लॉथ. कवळी अडवून ठेवली असती तर मॅडमनी माझं सगळं ऐकलं असतं. पण म्हाताऱ्या बाईचे दात दाबून ठेवणारी मी नव्हे. मी डबीत घालून ती एका घडीवालीच्या हाती लगेच वर पाठवली. “धावत जा. जिन्यात कुणाशी बोलत उभी राहू नकोस.”

आणि टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यावर मी बसले. अक्षरशः बसले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून.

मॅडम अंघोळ उरकून, कपडे बदलून इकडे आल्या तेव्हा पावणेबारा होत होते. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. कोट हातात घेतला, पण घातला नाही.

“चला, द्या टेबलक्लॉथ. लोक जमलेत.”

“देते. आधी हे बघा.” मी फॉर्म पुढे केला. तो मी मधल्या वेळात भरला होता, तीन प्रतींत. हातमोजे घातले होते का? नाही. आणि ‘निष्काळजीपणा’ या छापील शब्दावर रेघ मारून खाली माझ्या अक्षरात: ‘हातमोजे घालून कवळी सापडत नाही. वॉर्ड दर आठवड्याला शोधायला सांगतात, म्हणून मोजे काढावे लागतात. आज सव्वाअकरा वाजता व्यवस्थापकांनीसुद्धा याच कामासाठी स्वतःचा मोजा काढला.’ त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही, आणि शेजारी त्यांच्या सहीसाठी रिकामी जागा.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“ही सही मी करू शकत नाही. विश्वस्त मला विचारतील.”

“विचारू दे. आम्हाला रोज विचारतात.”

“तुम्ही समजून घ्या. तुम्हा लोकांबद्दल आम्हाला काही वाटत नाही असं नाही. म्हणून तर आजचा समारंभ—”

“मॅडम, समारंभाचं निमंत्रण एकालाच आहे. लाँड्रीतून एक जण, स्वच्छ बाजूचा. मळक्या बाजूच्या माणसांनी वर यायचं नाही, असं खाली टीप आहे. तुमचीच सही आहे.”

त्या काचेकडे वळल्या. पलीकडे जाऊ राहिलेल्या पिशव्या यंत्रात भरत होती, मोजे घालून, जणू काही झालंच नाही. मॅडमनी काचेवर टकटक केली. जाऊ आली. मॅडम काचेजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, “थँक यू. मनापासून.”

जावेने कानामागे हात धरला.

“आभारी आहे!” मॅडम मोठ्याने म्हणाल्या. रोलरवाल्या काकांनी रोलर बंद केला, तरी काय उपयोग? जावेने कानावर हात ठेवून नाही म्हणून मान हलवली, आणि काचेशेजारच्या मेलेल्या यंत्राकडे बोट केलं.

“त्याचा अर्ज तुमच्याकडे आहे,” मी म्हटलं. “बोललेलं तिकडे जात नाही मॅडम, चार वर्षं झाली. लिहून दाखवावं लागतं.”

मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली नसती तर मी काय करणार होते? गठ्ठ्यावरून मला उठवायला दोन शिपाई पुरेसे होते, आणि एक तारखेपासून एकीऐवजी दोघी घरी बसलो असतो.

त्यांनी पेन घेतलं. फॉर्मवर वाकल्या. “सव्वाअकरा नाही,” त्या म्हणाल्या. “अकरा वीस. मी घड्याळ पाहिलं होतं.” त्यांनी ते दुरुस्त केलं, दुरुस्तीशेजारी छोटी सही केली, मग खाली मोठी. मग दुसऱ्या प्रतीवर. मग तिसऱ्या. आणि मी काही म्हणायच्या आत तिसरी प्रत उचलून त्यांनी स्वतः काचेला लावली.

जाऊ सावकाश वाचते. ओठ हलतात तिचे. रेघ मारलेल्या शब्दाशी ती थांबली. मग मॅडमच्या सहीपाशी थांबली. मला वाटलं, आता ही रडणार, आणि ही रडली की मीही रडणार आणि सगळा बेत पाण्यात जाणार. घडीवाली तर डोळे पुसायलाच लागली होती.

जाऊ रडली नाही. तिने मोज्यातलं बोट उचललं, काचेवरून खाली खाली नेलं आणि पाचव्या रकान्यावर ठेवलं. तो रकाना कोरा होता. तो मीही कोरा सोडला होता, तीन आठवडे मी फक्त तिसऱ्याशी भांडत होते. ‘सुई कोणत्या वॉर्डातून आली?’

तिने अंगठा आणि दोन बोटांनी इंजेक्शन दाबल्यासारखं केलं. मग वर बोट दाखवलं, छताकडे, जिथे वॉर्ड होते आणि समारंभही. आणि मग काचेवर दोनदा टकटक केली. दुसऱ्यांसाठी मन मारणाऱ्या माझ्या जावेने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं.

“पिशव्यांवर वॉर्डाचं नाव असतं,” मी मॅडमना म्हटलं. “त्या दिवसाची पिशवी कुठली होती ते तिला पाठ आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी. वरून कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो हॅलो. त्यांनी काचेवरून कागद काढला, कोट पुन्हा खुर्चीवर टाकला आणि पेनाचं टोपण उघडलं.

मी उठायला निघाले होते, ती गठ्ठ्यावर पुन्हा नीट बसले.